किनोसाकी ओन्सेन : सात स्नानगृहांच्या गावात दोन रात्री

चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईने जपान पाहण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा पुण्यातल्या एका सहल कंपनीने आमच्या हाती जो कार्यक्रम ठेवला त्यात नऊ दिवसांत सहा शहरे कोंबलेली होती, आणि मी हट्टाने घालायला लावलेल्या किनोसाकी ओन्सेन (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे) या गावाच्या वाट्याला जेमतेम एक रात्र आली होती : संध्याकाळी पाचला पोचायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघायचे. आम्ही तो कार्यक्रम परत केला, दोन शहरे गाळली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस किनोसाकीला सलग दोन रात्री मुक्काम केला. हे परीक्षण त्या मुक्कामाचे आहे. गाव मला मनापासून आवडले हे आधीच सांगून टाकते. पण विश्रांतीसाठी तिथे जाणाऱ्या मराठी माणसाला, विशेषतः वयस्कर आणि शाकाहारी माणसाला, काही गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या, आणि त्या कुठल्याही माहितीपत्रकात नीट सांगितलेल्या नसतात.

किनोसाकी हे होन्शू बेटाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याजवळ, ह्योगो प्रांतातल्या तोयोओका शहराच्या हद्दीत आहे. ओसाकाहून 'कोउनोतोरी' नावाची जलद गाडी सुमारे पावणेतीन तासांत थेट आणून सोडते, तर क्योतोहून सुटणाऱ्या गाडीचे नावच 'किनोसाकी' आहे आणि तिला अडीच तासांच्या आसपास लागतात. पश्चिम जपान रेल्वेचा कान्साई परिसराचा जो मोठा पास परदेशी प्रवाशांना मिळतो त्यात हा प्रवास बसतो, त्यामुळे वेगळे तिकीट काढावे लागत नाही. स्टेशनापासून गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले तरी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात आणि मुख्य रस्ता जवळजवळ सपाट आहे, ही गुडघेदुखी असलेल्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

या गावाची खरी ओळख म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरची सात सार्वजनिक स्नानगृहे. पाहुण्याने आपल्या र्योकानात, म्हणजे पारंपरिक जपानी यात्रिनिवासात, सामान टाकावे, तिथे मिळणारा युकाता, म्हणजे सुती झगा, अंगावर चढवावा आणि पायात लाकडी गेता घालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात चालत जावे, एवढाच इथला दिनक्रम. हा दिनक्रम केवळ हौशीने किंवा पर्यटनखात्याच्या कल्पनेतून टिकलेला नाही, त्यामागे एक जुना खटला आहे. सन १९२७ मध्ये एका र्योकानाने आपल्याच आवारात गरम पाणी काढून पाहुण्यांसाठी आतल्या आत स्नानाची सोय करायला घेतली. पाणी साऱ्या गावाचे आहे, ते एकाने आपल्या भिंतीआड नेले तर बाकीची दुकाने, खानावळी आणि स्नानगृहे बसतील, असे म्हणत गावाने त्याला विरोध केला आणि प्रकरण कोर्टात गेले. तो वाद दुसरे महायुद्ध संपून गेल्यावर, १९५० मध्ये, तडजोडीने मिटला : र्योकानात स्नानगृह चालेल, परंतु त्याच्या आकाराला मर्यादा राहील. पुढे १९७२ पासून झऱ्यांचे सगळे पाणी एकत्र गोळा करून नळांनी गावभर वाटण्याची व्यवस्था झाली. पाहुण्याच्या दृष्टीने याचा परिणाम असा की आज तुम्ही कितीही महागड्या र्योकानात उतरा, आतली न्हाणी बेताचीच असते आणि खऱ्या स्नानासाठी रस्त्यावर यावेच लागते. गावकरी सांगतात की सगळे किनोसाकी मिळून एकच यात्रिनिवास आहे. स्टेशन हे त्याचे दार, रस्ते ही पडवी, र्योकाने या खोल्या आणि सात स्नानगृहे हे न्हाणीघर.

मला वाटते, इथल्या विश्रांतीचे मर्म या खटल्यातच आहे. आजवर मी ज्या आरामाच्या ठिकाणी राहिले तिथे एका कुंपणाच्या आत सगळे काही हजर असते, आणि नेमके म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणसाचा हात मोबाईलकडे वळतो. किनोसाकीत तुम्हाला रिकामे बसवत नाहीत. दिवसाला एक हलकेसे काम दिलेले असते : अमुक स्नानगृहातून निघा, नदीकाठाने चाला, तमुक स्नानगृहात शिरा. विचार करण्याजोगे त्यात काही नसते, तरी वेळ मात्र भरून निघतो. युकाता घातल्यावर पैसे, पासपोर्ट आणि फोन यांतले बरेचसे खोलीतच राहते, कारण र्योकानात उतरणाऱ्याला सातही स्नानगृहांत विनामूल्य प्रवेश देणारा पास मिळतो. मुक्काम न करता दिवसापुरते येणारे लोक प्रत्येक ठिकाणी तिकीट काढून जातात.

गाव दिसायला जुने असले तरी त्यातल्या बहुतेक इमारतींचे वय शंभर वर्षांच्या आतले आहे. २३ मे १९२५ रोजी झालेल्या भूकंपात आणि त्यापाठोपाठ लागलेल्या आगीत किनोसाकी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. पुन्हा बांधताना गावकऱ्यांनी लाकडी, दोन-तीन मजली घरांचीच धाटणी ठेवली, मधून वाहणाऱ्या ओतानी नदीचे काठ दगडाने बांधून घेतले, तिच्यावर कमानदार पूल घातले आणि दुतर्फा विलोची झाडे लावली. संध्याकाळी दिवे लागल्यावर त्या काठाने निघालेली युकातातली माणसे आणि गेतांचा तो कटकट आवाज हे दृश्य छायाचित्रांत पाहून फसवे वाटले होते. प्रत्यक्षात ते रोजच तसे असते. गेता म्हणजे आपल्या खडावांचीच जपानी बहीण, फक्त खुंटीऐवजी कापडी पट्टा. आईने दहा पावले चालून त्या काढून ठेवल्या आणि आपली पुण्याची चप्पल घातली. कोणी काही म्हटले नाही. युकाता मात्र डावी बाजू वर घेऊनच नेसावा, कारण उजवी वर घेतात ती मृताला नेसवताना, आणि ही चूक झाली तर र्योकानातल्या बाई धावत येऊन ती दुरुस्त करतात.

आता ज्या गोष्टीमुळे आपली माणसे कचरतात तिच्याकडे वळते. ही स्नाने विवस्त्र करायची असतात. स्त्रिया आणि पुरुष यांची दालने पूर्ण वेगळी आहेत, पण पोहण्याचा पोशाख चालत नाही. उन्हवरे किंवा वज्रेश्वरीच्या कुंडावर अंगभर कपड्यानिशी पाण्यात उतरण्याची सवय असलेल्या आईला हे मी पुण्यातच सांगितले होते, तरी पहिल्या स्नानगृहाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत ती पाच मिनिटे बाकावर बसून राहिली. मग शेजारी ऐंशीच्या घरातल्या दोन जपानी आजी आपापसांत गप्पा मारत, घरच्याच न्हाणीत असल्यासारख्या निघून गेल्या, आणि आई उठली. "अगं, इथे कुणाला कुणाचं काही पडलेलंच नाही," असे ती मला पाण्यात उतरल्यावर म्हणाली. आणखी एक काळजी माझ्या मनात होती. आईच्या डाव्या हातावर लहानपणी गावी काढलेले तुळशीवृंदावनाचे गोंदण आहे, आणि जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडला जात असल्याने पुष्कळ स्नानगृहांत ते असलेल्या माणसाला आत घेत नाहीत. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत तशी आडकाठी नाही. गावाची निवड करताना माझ्या मते हा मुद्दा निर्णायक ठरला, आणि ज्यांच्या घरातल्या थोरल्या बायकांच्या हातावर, कपाळावर गोंदण आहे त्यांनी जपानमधले दुसरे कुठलेही ओन्सेन ठरवण्याआधी ही चौकशी करावीच.

रीत सोपी आहे. आधी नळासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, केस वर बांधायचे, आणि मग कुंडात केवळ बसून राहायचे. बरोबर दिलेला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. बहुतेक जण तो घडी करून डोक्यावर ठेवतात. पाणी खारट चवीचे, मीठ आणि कॅल्शियम असलेले आहे; आपल्याकडच्या गंधकाच्या कुंडांसारखा त्याला वास नाही. कुंडात त्याचे तापमान ४२ अंशांच्या आसपास ठेवलेले असते. हे आपल्या रोजच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा बरेच कढत आहे. जपानी लोक उत्साहाने एका दिवसात सातही स्नानगृहे करतात. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने त्या भरीस पडू नये. आम्ही दिवसाला तीनचा नियम केला, एका वेळी सात-आठ मिनिटांहून जास्त बसलो नाही, आणि प्रत्येक वेळी बाहेर येऊन भरपूर पाणी प्यायलो. तरीही पहिल्या दिवशी तिसऱ्या कुंडातून निघताना मला चक्कर आल्यासारखे झाले. आईला काही झाले नाही, हे तिने नंतर दोन-तीनदा ऐकवले.

सातांपैकी सगळी सारखी नाहीत. मांदारायू हे गावाच्या आख्यायिकेचे मूळ आहे : दोची शोनिन नावाच्या भिक्षूने हजार दिवस मंत्रपठण केले आणि सन ७२० मध्ये इथे गरम पाणी फुटले, असे सांगतात. मांदारा म्हणजे आपला 'मंडल' हा शब्द, हे कळल्यावर आईला ते स्नानगृह अचानक ओळखीचे वाटू लागले. गोशोनोयू सर्वांत दिमाखदार आहे, क्योतोच्या राजवाड्याच्या धर्तीवर बांधलेले, आणि त्याच्या उघड्या कुंडात बसल्यावर समोर डोंगराच्या अंगावरून धबधबा कोसळताना दिसतो. गर्दीही तिथेच सर्वाधिक असते. इचिनोयूत खडक फोडून केलेले गुहेसारखे कुंड आहे. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) एका वैद्याने या पाण्याला देशात पहिला क्रमांक दिला होता, त्यावरून 'पहिले' या अर्थाचे हे नाव पडले. यानागियू सगळ्यांत छोटे, लाकडाचा वास असलेले आणि मला तरी सर्वांत कढत वाटलेले. माझी पसंती कोउनोयूला आहे. जखमी पायाचा करकोचा तिथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झालेला लोकांनी पाहिला, अशी त्याची कथा; गावाच्या आतल्या टोकाला असल्याने तिथवर कमी लोक येतात आणि बागेतल्या कुंडावर झाडांची सावली असते. प्रत्येक स्नानगृहाला आठवड्यातून एक सुट्टी असते, काही दुपारनंतरच उघडतात आणि एखादे दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंदही असू शकते. म्हणून कुठले कधी उघडे आहे याचे वेळापत्रक र्योकानात पोचल्याबरोबर मागून घ्यावे. एकाच रात्रीसाठी येणाऱ्याला तीन-चारांपेक्षा जास्त सुखाने होत नाहीत, आणि एका रात्रीच्या कार्यक्रमावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

र्योकानाबद्दल मात्र संमिश्र लिहावे लागेल. आम्ही मध्यम प्रतीच्या जागी उतरलो होतो. रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी एका रात्रीचे सुमारे २२ हजार येन, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये पडले. खोली तातामीच्या चटयांची, स्वच्छ, नदीकडे तोंड करून असलेली. जेवायला गेल्यावर मागे कोणीतरी येऊन गाद्या घालून ठेवते, ही पद्धत आईला आपल्या जुन्या वाड्यातल्या दिवसांसारखी वाटली; पण सकाळी जमिनीवरच्या गादीवरून उठताना तिच्या गुडघ्याने हात टेकले. बुटका पलंग असलेल्या खोल्या अनेक र्योकानांत असतात, त्या आरक्षणाच्या वेळीच मागाव्या लागतात, आणि मी त्या मागितल्या नव्हत्या, हा दोष माझा.

जेवणाचा दोष माझा नव्हता. दोघी शाकाहारी आहोत हे आम्ही आरक्षण करताना आणि पुन्हा आठवडाभर आधी लेखी कळवले होते, आणि तसे उत्तरही आले होते. पहिल्या रात्री पंधरा-सोळा छोट्या वाट्यांतून सुरेख मांडलेले जेवण समोर आले, त्यात मासा कुठेच दिसत नव्हता. परंतु सुपाला, उकडलेल्या मुळ्याला आणि टोफूवरच्या रसाला सुकवलेल्या माशाच्या अर्काचा वास येत होता. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचा हा अर्क आपल्या फोडणीइतका सर्वत्र असतो, आणि माशाचा तुकडा ताटात नसला की पदार्थ शाकाहारी झाला असे स्वयंपाकघरातली माणसे प्रामाणिकपणे समजतात. विचारल्यावर त्यांनी कमरेत वाकून क्षमा मागितली आणि दुसऱ्या रात्री केवळ कोंबू या समुद्रवनस्पतीचा अर्क वापरून वेगळे जेवण केले, जे खरोखर उत्तम होते. पहिल्या रात्री आईने पुण्याहून नेलेले मेतकूट भातावर घालून खाल्ले. तेव्हा 'शाकाहारी' एवढा शब्द पुरत नाही. माशाची दाशीही नको, हे जपानीत लिहून द्यावे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी किनोसाकीपेक्षा कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत राहावे, तिथला स्वयंपाक मुळातच भिक्षूंसाठीचा असतो.

मासे खाणाऱ्यांना हे सगळे उलट लागू पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चपर्यंत इथे मात्सुबा नावाच्या खेकड्यांचा हंगाम असतो, त्यासाठी ओसाका-क्योतोहून लोक गाड्या भरून येतात, र्योकानांचे दर बरेच चढतात आणि स्नानगृहांत जागा मिळवावी लागते. ताजिमा जातीच्या गाईंचे मांसही इथले नावाजलेले आहे. कोकणातून आलेल्या खवय्याने हंगामात जावे. ज्यांना शांतता हवी त्यांनी हंगाम सुरू होण्याच्या आधीचा पंधरवडा गाठावा.

दिवसा, म्हणजे दोन स्नानांच्या मधल्या वेळात, थोडे फिरणे होते. गावाच्या टोकाहून रोपवे डोंगरावर जातो आणि मधल्या थांब्यावर ओन्सेनजी हे मंदिर आहे. पूर्वी स्नानाला आलेला माणूस आधी इथे येऊन दर्शन घेई आणि पाणी अंगावर घेण्याची पळी घेऊन मगच कुंडावर जाई. इथली मुख्य मूर्ती अकरा मुखांच्या कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची आहे आणि ती ३३ वर्षांतून एकदाच दर्शनाला उघडतात, त्यामुळे आम्हाला ती दिसली नाही. कान्हेरीच्या ४१व्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही वाट कुठून कुठवर आली याचा अंदाज येईल. रोपवेच्या खालच्या स्थानकाशी झऱ्याच्या कढत पाण्यात स्वतः अंडी उकडून घेण्याची सोय आहे. मी खाल्ले, आई शेजारच्या कुंडात पाय सोडून बसली.

जवळच मारुयामा नदीपलीकडे गेन्बुदो नावाच्या गुहा आहेत. सुमारे १६ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे षट्कोनी खांब तिथे उभे-आडवे दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्याला ते अनोळखी वाटणार नाहीत. १९२६ मध्ये मोतोनोरी मात्सुयामा या शास्त्रज्ञाने इथल्या बेसॉल्टचे चुंबकत्व तपासले, ते आजच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेच्या नेमके उलट निघाले, आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पूर्वी उलटे होते या मताला त्यातून बळ मिळाले. त्याच परिसरातल्या भातशेतीत आता करकोचे चरताना दिसतात. जपानमधला शेवटचा रानटी करकोचा १९७१ मध्ये तोयोओकातच मेला होता. बंदिस्त जागेत पैदास करून २००५ मध्ये त्यांना पुन्हा मोकळे सोडले गेले आणि त्यांच्यासाठी शेतकऱ्यांनी भातावरची औषधे कमी केली. आम्ही ज्या गाडीने आलो त्या 'कोउनोतोरी'ला याच पक्ष्याचे नाव आहे. आगगाडीच्या खिडकीतून दोन दिसले, तेवढे आम्हाला पुरले.

उणिवा सांगायच्या तर पाऊस ही पहिली. या किनाऱ्यावर शरद आणि हिवाळ्यात आभाळ कधीही गळू लागते. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी या भागातली म्हणच आहे. छत्र्या मात्र र्योकानात मिळतात. दुसरे म्हणजे मुख्य रस्ता अरुंद आहे, त्यावरून मोटारी जातात आणि युकातातल्या घोळक्यांना अंग चोरावे लागते. संध्याकाळपुरती तरी ती वाहतूक बंद ठेवायला हवी होती. रात्री नऊनंतर स्नानगृहे सोडली तर फारसे काही उघडे नसते. ज्यांना सहलीत बाजारहाट हवा त्यांना धान्याच्या रंगीत काडांपासून केलेल्या पेट्यांपलीकडे इथे विशेष खरेदी नाही, आणि त्या पेट्याही स्वस्त नाहीत.

एक रिवाज राहिला. स्नानगृह उघडल्यावर जो पहिला आत जाईल त्याला त्या दिवसाची 'पहिल्या नंबराची' पाटी आठवण म्हणून देतात. आईला हे कळल्यावर तिने ती मिळवायचीच असे ठरवले. कोउनोयू सातला उघडते. आम्ही साडेसहाला, अंधुक पावसात, छत्री घेऊन पोचलो, तर दारात दोन कॉलेजच्या मुली आधीच उभ्या होत्या आणि त्या सहापासून तिथे होत्या असे खुणांनी कळले. पाटी हवी असेल तर सहाच्याही आधी निघावे.